घट्टे नसलेला हात

आधीच सांगून टाकतो. मी चामडं शिवतो. अडतीस वर्षं अकोल्याच्या एका दवाखान्यात शिवलं, निवृत्त झालो, तरी शिवतोच. ज्यांना वास येत असेल त्यांनी पान उलटावं. दिवाळी अंक आहे, पुढे एखादी गुळगुळीत कविता असेलच.

संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "काका, हल्ली बरेच लोक हौसेनं चामड्याची पाकिटं, पट्टे करतात. त्यांच्यासाठी चार सूचना लिहा, थोडं प्रोत्साहन द्या." मी म्हटलं, बाई, मी सूचना दमदाटीनं देतो, चालत असेल तर सांगा. त्या हसल्या. हसल्या म्हणजे चालते, असं धरून लिहायला बसलो.

दवाखान्यात चांभाराचं काय काम, हे लोकांना कळत नाही. पोलिओनं पाय वाकडा झालेला, अपघातात आखूड झालेला, महारोगानं नाहीतर साखरेच्या आजारानं तळवा बधिर झालेला, अशा माणसाला बाजारातला जोडा चालत नाही. त्याच्या पायाला जसं व्यंग तसा जोडा लागतो. डॉक्टर कागदावर लिहून द्यायचे, मी करायचो. माझ्या खोलीवर पाटी होती, 'चर्मकाम विभाग'. विभाग म्हणजे मी, एक टेबल, एक खिडकी आणि फरम्यांचं कपाट. फरमा म्हणजे लाकडी पाय, ज्याच्यावर चढवून जोडा शिवतात. नवे शिकाऊ डॉक्टर ते कपाट उघडायचे आणि शंभर पाय पाहून दचकून मागे सरायचे. मी मुद्दाम आधी सांगत नसे.

माझा बाप तेल्हाऱ्याकडच्या एका खेड्यात शेतकऱ्यांच्या वहाणा, बैलांचे पट्टे आणि विहिरीतून पाणी उपसायच्या मोटा शिवायचा. शिवलेली वस्तू द्यायला जायचा तेव्हा पायरीखाली उभा राहायचा. वस्तू वर जायची, बाप खालीच. मी ते पाहिलं आहे आणि विसरलेलो नाही, हे इथंच नोंदवून ठेवतो, कारण पुढे लागणार आहे.

निवृत्त झाल्यावर ओट्यावर पाट टाकून बसलो. शेजारचा एक जण घरी बसून संगणकाचं काम करतो, तो बॅगचा तुटलेला पट्टा घेऊन आला. शिवताना पाहत बसला. म्हणाला, "काका, मले जमन काय?" मी म्हटलं, हात आहेत ना दोन? बस. पुढच्या रविवारी तो बायकोला घेऊन आला. मग तिची मैत्रीण, मग एक दातांचे डॉक्टर, मग बँकेतल्या बाई. वर्षभरात रविवारी सकाळी माझ्या ओट्यावर नऊ-दहा माणसं मांडी घालून बसायला लागली. फी नाही. चहा आमचा, चामडं ज्याचं त्यानं आणायचं.

माझे मेहुणे एकदा आले आणि हा मेळा पाहून तापले. लोक गेल्यावर म्हणाले, "भाऊजी, डोकं फिरलं काय तुमचं? आपली विद्या या लोकांले फुकट वाटून राह्यले? उद्या हेच दुकान टाकतीन अन् आपल्या पोट्ट्याईच्या पोटावर पाय देतीन."

मी म्हटलं, "आपली पोट्टी कुठं हायेत या धंद्यात? तुमचा मोठा मोबाईल विकते, लहाना पोलीसभरतीसाठी पळून राह्यला. अन् एक सांगा. ज्या कामापायी माह्या बापाले पायरीखाली उभं केलं, ते काम शिकाले आता लोक माह्या ओट्यावर येऊन बसतेत. अन् मी दार लावू? काहून?"

मेहुणे चहा न पिता गेले. पुढच्या महिन्यात आले तेव्हा प्यायले. नात्यातली भांडणं इतपतच टिकतात.

आता सूचना. ती तीस हत्यारांची चकचकीत पेटी मागवली असेल तर परत करा. माझ्या बापानं आयुष्य काढलं ते रापी, आरी, हातोडी, दोन सुया आणि चिंचेच्या लाकडाचा ओंडका एवढ्यावर. रापी म्हणजे चामडं कापायची आणि कडा तासून पातळ करायची रुंद पात्याची सुरी. आरी म्हणजे भोक पाडायचा टोचा. एवढंच घ्या आणि रापीला धार लावायला शिका. मी महिनाभर नव्या माणसाला दुसरं काही करू देत नाही. लोक कंटाळतात, रुसतात, एकदोन जण येणं बंद करतात. करोत. बोथट रापी चामडं कापत नाही, बोट कापते, कारण तुम्ही जोर लावता आणि ती सटकते. माझ्या ओट्यावर रक्त सांडतं ते बोथट हत्यारानंच.

चामडं विकत घेताना दुकानदार सांगेल ते ऐकून घ्या आणि मग हातात धरून ओढून पाहा. जनावराच्या पाठीचं चामडं घट्ट असतं, ओढलं तरी जागचं हलत नाही. पोटाचं सैल, ताणत जातं. कमरेचा पट्टा पोटाच्या चामड्यातून कापाल तर दिवाळीला कमरेवर बसलेला पट्टा होळीला गुडघ्यावर येईल. बँकेतल्या बाईंनी नवऱ्याला असाच पट्टा वाढदिवसाला दिला होता. नवरा सज्जन, तीन महिने एका हातानं पँट धरून फिरला, पण बोलला नाही.

शिवताना मशीनच्या मागे लागू नका. आमची शिलाई एका दोऱ्याला दोन्ही टोकांना दोन सुया लावून होते. एकाच भोकातून एक सुई इकडून, दुसरी तिकडून. एक टाका झिजून तुटला तरी शेजारचा आपली जागा सोडत नाही. मशीनचा टाका तुटला की पूर्ण ओळ उसवत जाते. हाताला वेळ लागतो, लागू द्या. तुम्ही हौशी आहात, तुम्हाला घाई कोणाची? आमच्या बापजाद्यांना घाई होती, त्यांना संध्याकाळची चूल दिसायची. तुमच्याकडे वेळ आहे, तो आमच्याकडे कधीच नव्हता. त्या वेळेची लाज बाळगू नका, तो वापरा.

आणि हो, भिजवलेलं चामडं अकोल्याच्या उन्हात वाळत घालू नका. मे महिन्यात इथं पापड घटकाभरात वाळतो, चामड्याचाही पापडच होतो. सावलीत वाळवा, वरून हलका तेलाचा हात फिरवा. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नका, बुरशी धरते. चामड्याला हवा लागते. ते कधीकाळी जिवंत होतं, हे लक्षात असलं की निम्म्या चुका आपोआप टळतात.

उरलेल्या निम्म्या चुकांबद्दल आता सांगतो. त्यातली एक माझी आहे, आणि ती सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्याचा मला हक्क नाही.

नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली होती. पातूरचे गफूरभाई माझ्याकडे जोड्यासाठी यायचे. बांगड्यांची टोपली घेऊन गावोगाव फिरायचे. महारोग औषधानं बरा झालेला, पण तळवे कायमचे बधिर. अशा पायाला काटा रुतला, खडा टोचला, निखारा लागला, तरी माणसाला कळत नाही. तो चालत राहतो. दुखणं ही देवानं दिलेली राखण असते, ती या माणसांची गेलेली असते. म्हणून बधिर पायाच्या जोड्याचा पहिला नियम, जो मला पहिल्याच दिवशी शिकवला होता: आत खिळा नाही. आमच्या धंद्यात जोड्याचा आतला तळ फरम्यावर बसवताना तीन बारीक खिळे ठोकून अडकवतात आणि नंतर काढून घेतात. दवाखान्यात तळ फरम्याला दोरीनं बांधायचा असा नियम होता. दोरीला वेळ लागतो.

गफूरभाईंना ईदेच्या बाजारासाठी जोडा हवा होता. मी बापाच्या सवयीनं खिळे ठोकले. काढूनही घेतले. दोन सबंध निघाले. तिसरा तुटला, टोक तळातच राहिलं आणि ते माझ्या ध्यानात आलं नाही. वरून मऊ रबर बसवलं, आत हात घालून नीट फिरवला. काही लागलं नाही. जोडा दिला.

सहा दिवसांनी ते आले तेव्हा जोड्यातून वास येत होता. ते त्या खिळ्यावर गावोगाव चालले होते. जखम हाडापर्यंत गेली होती. अंगठा आणि शेजारचं बोट कापावं लागलं.

ड्रेसिंगला लीला सिस्टर होत्या, अमरावतीच्या, फार तिखट बाई. त्यांनी जोडा घेतला, डोळे मिटले, आत हात घातला, आणि क्षणात म्हणाल्या, "हा पाह्य इथं." मी हात घातला. मला काहीच लागेना. मी म्हटलं, "सिस्टर, इथं तं काही नाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "नामदेव, हात पुढं कर. तोंड तिकडं फिरव." मी तोंड फिरवलं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "सांग, कोन्त्या बोटाले टोचलं?"

मी म्हटलं, "टोचलं कधी?"

त्यांच्या हातात टाचणी होती. पेशंटच्या तळव्याला टोचून पाहतात ती. माझ्या पाचही बोटांना त्यांनी टोचून झालं होतं. वर्षानुवर्षं मेणाचा दोरा ओढून माझ्या बोटांना असे घट्टे पडले होते की टाचणी आत जातच नव्हती. सिस्टर म्हणाल्या, "तुह्या हातात अन् गफूरच्या पायात काय फरक हाय, सांग बरं मले?"

मी त्या दिवशी खोलीचं दार लावून रडलो. लाज वाटत नाही सांगायला. घट्टे ही आमची शान असते. बाप हात दाखवून सांगायचा, हे बघ, ही कमाई. आणि त्याच कमाईनं एका माणसाची दोन बोटं घेतली होती.

त्या दिवसापासून माझा एकही जोडा लीला सिस्टरांच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडला नाही. दिवसभर साबणानं हात धुऊन त्यांची बोटं फुलासारखी मऊ झालेली. त्या निवृत्त झाल्या तेव्हा मी पुढच्या सिस्टरला धरलं. काही जणी कुरकुरल्या, हे आमचं काम नाही म्हणाल्या. मी ऐकत नसे. साहेबांकडे तक्रार गेली, साहेबांनी बोलावलं, मी त्यांच्याही हातात जोडा दिला. म्हटलं, साहेब, डोळे मिटा अन् आत हात घाला. पुढे तक्रार आली नाही.

आणि गफूरभाई? मला वाटलं होतं, ते पुन्हा तोंड पाहणार नाहीत. तीन महिन्यांनी काठी टेकत माझ्याच खिडकीशी उभे. मी म्हटलं, "भाई, मुंबईचा एक चांगला कारीगर आहे, चिठ्ठी देतो." ते म्हणाले, "दूसरे के पास काय को जाऊं? मतलब उसको बी एक गलती करने का मौका देऊं? मेरे पास उतनी उंगलियां कां हैं? तू कर चुपचाप." ते वारले तोवर त्यांचे सगळे जोडे मी केले. त्यांच्या पायाला पुन्हा जखम झाली नाही. पण जी दोन बोटं गेली ती गेली. हे मी कशात लपवत नाही.

आता कुंदाताईंची गोष्ट. त्या अकोल्यात शाळेत शिकवतात, माहेर मोर्शीकडचं, वडिलांची संत्र्याची बाग. दीडेक वर्षांपूर्वी ओट्यावर आल्या. पहिल्या दोन महिन्यांत त्यांनी एक चाव्यांची पट्टी केली आणि एक चष्म्याचं घर केलं, ज्यात चष्मा शिरत नसे. मग एका रविवारी सगळे गेले तरी त्या उठल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, आबांचं सांगू काय?"

त्यांचे वडील, आबाजी, पंच्याहत्तरीचे. साखरेचा आजार जुना, तळवे बधिर. बागेत फिरताना टाच फाटली, जखम भरायला आठ महिने गेले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता पुन्हा जखम झाली तर पाय ठेवता येणार नाही. तयार मऊ चपला मिळतात, पण आबाजींच्या डाव्या पायाचं हाड बाहेर आलेलं, एकही चप्पल बसेना. म्हणून ते तशाच जुन्या वहाणा घालून बागेत फिरत होते. मी निवृत्त झाल्यावर दवाखान्यातला माझा विभाग बंद झाला. कपाटातले शंभर पाय कुठं गेले, कुणास ठाऊक.

"तुमी करून द्या ना काका," त्या म्हणाल्या.

मी उजव्या हाताचा अंगठा दाखवला. सांधा गेलेला. तळाची शिलाई ओढायला जो जोर लागतो तो आता माझ्यात नाही. म्हटलं, "मी नाई करू शकत. तुमी करा. मी बाजूले बसतो."

"मले जमन? माह्या चष्म्याच्या घरात चष्मा नाही जात."

"चष्म्याच्या घरापायी कोनाचा पाय जात नाही, म्हून तुमी मन लावलं नाही. इथं लावान."

त्या पुढच्या रविवारी वडिलांच्या पावलाचं माप कागदावर काढून घेऊन आल्या. मी विचारलं, कधी घेतलं? म्हणाल्या, सकाळी, ते पलंगावर बसले होते तेव्हा. मी कागद फाडला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, येऊ दिलं. हौशी लोकांनो, हे ध्यानात धरा: पायाचं माप संध्याकाळी घ्यायचं, दिवसभर चालून पाय सुजलेला असतो तेव्हा. आणि उभं करून घ्यायचं, अंगाचं वजन पडलं की पाऊल पसरतं. बसलेल्या माणसाचा पाय खोटं सांगतो.

म्हणून एका संध्याकाळी आबाजींनाच यावं लागलं. धोतर, पांढरा सदरा, गाडीतून उतरेनात. मुलीला म्हणाले, "इथंच घे ना माप, गाडीत."

मी ओट्यावरूनच म्हटलं, "आबाजी, उभं राहावं लागते. वर या."

ते उतरले, पण पायरीशीच थांबले. ते खाली उभे, मी वर. माझ्या मनात बाप आला, खोटं कशाला बोलू. मी हललो नाही. तीन पायऱ्या आहेत माझ्या ओट्याला. मुलीच्या खांद्यावर हात ठेवून ते तिन्ही चढले. माप झालं. मी विचारलं, "चहा घेता?" त्यांनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "बिनसाखरेचा असन तं आन."

चहा प्यायल्यावर मात्र त्यांनी तोंड उघडलं. "पोरगी मास्तरीन झाली तं बरं वाटलं होतं. आता हे चामडं कुटून राह्यली. लोक काय म्हंतीन?"

कुंदाताई कागदावरची पावलाची रेघ पक्की करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आबा, लोक पाय देतीन काय तुमाले?"



पुढचे दोन महिने त्या रोज शाळा सुटल्यावर यायच्या. वरचे पट्टे कापताना नमुना उलटा करायला विसरल्या आणि दोन्ही डाव्या पायाचे कापले. ही चूक प्रत्येक जण करतो. मी केली, माझ्या बापानं केली, तुम्हीही कराल. ते पट्टे फेकू नका, त्याच्या चाव्यांच्या पट्ट्या होतात. माझ्या ओट्यावर अशा पट्ट्यांचा ढीग आहे. त्यांनी पुन्हा कापले. तळात मऊ रबर, हाड येतं तिथं खोलगट जागा, टाचेला आधार. दोरीनं बांधलं, खिळा नाही; का नाही, ते गफूरभाईंच्या आणि सिस्टरांच्या गोष्टीसकट सांगितलं. टाके आधी नागमोडी आले, मी उसवायला लावले. तीनदा उसवले. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "काका, तुमी लय वाईट हा." मी म्हटलं, हाव.

शेवटचा दिवस. आबाजी सकाळी येणार होते. आदल्या दिवशी डाव्या चपलेच्या टाचेचे चार टाके राहिले होते. कुंदाताईंचे हात थकलेले पाहून मी म्हटलं, द्या, मी ओढतो. अंगठा दुखत होता. पण ओढले चारही टाके. आरी जरा अडकली होती, जोर लावून बाहेर काढली. मनात म्हटलं, नामदेव, अजून दम हाय.

सकाळी आबाजी ओट्यावर येऊन बसले. आज कोणाला सांगावं लागलं नाही. मी दोन्ही चपलांत हात फिरवला. बरोबर. म्हटलं, "घाला." कुंदाताई म्हणाल्या, "थांबा." आणि डोळे मिटून त्यांनी डाव्या चपलेत हात घातला. टाचेजवळ त्यांचं बोट थांबलं.

"काका, इथं काहीतरी हाय."

"दोऱ्याची गाठ असन."

"गाठ नाही."

मला राग आला. आबाजी समोर, रविवारची सगळी मंडळी समोर. मी म्हटलं, "अडतीस वर्षं हेच केलं मी. काही नाही तिथं."

त्यांनी डोळे उघडले. "तुमीच सांगितलं ना काका? हाताचं ऐकाचं, मानसाचं नाई."

 मी रापी घेतली आणि टाके उसवले. अस्तर बाजूला केलं. रबरात तिळाएवढं आरीचं टोक, वर तोंड करून. काल अडकली होती तेव्हा तुटलं होतं. माझ्या हातून. कुंदाताईंच्या एकाही टाक्यात खोट नव्हती.

 चाळीस वर्षांमागची ती ड्रेसिंगची खोली डोळ्यापुढं आली, तो वाससुद्धा आला. मी ते टोक तळहातावर घेऊन आबाजींपुढं धरलं. म्हटलं, "आबाजी, हे तुमच्या पायात गेलं असतं. ही चूक माही हाय, पोरीची नाही."

आबाजींनी ते टोक पाहिलं. मग मुलीकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "मंग दुसरी आरी नाई काय घरात?"

होती. कुंदाताईंनी ते चार टाके स्वतः घातले. पुन्हा हात फिरवला, आबाजींनी चपला घातल्या आणि तीन पायऱ्या कोणाचा हात न धरता उतरले.

तेव्हापासून आमच्या ओट्यावर नियम आहे. कोणतीही पायात घालायची वस्तू सगळ्यात नव्या माणसाच्या हाताखालून गेल्याशिवाय जात नाही. जे लोक म्हणतात की हौशी माणसानं या कामात पडू नये, त्याच्या हाताला सवय नसते, त्यांना माझं हेच उत्तर आहे. सवय नसते म्हणूनच तो हवा. सवयीच्या हाताला माल कळतो, पण टोचणी कळत नाही.

गेल्या महिन्यात आबाजी नव्या जोडासाठी आले. पहिला झिजला होता. पाय शाबूत. आल्याबरोबर म्हणाले, "नामदेवभाऊ, चहा सांगा." जोड कुंदाताईंनीच केला होता, या वेळी मी एक टाकाही घातला नाही. मी हात फिरवला. आबाजींनीही फिरवला, पण कुदळीचे घट्टे पडलेला त्यांचा हात माझ्यासारखाच. दोघंही हसलो आणि नियम विसरून, जुन्या सवयीनं चपला कुंदाताईंपुढं केल्या.

त्यांनी डोळे मिटून आत हात घातला. बराच वेळ फिरवला. मग बाहेर काढला आणि स्वतःच्या बोटांच्या टोकांकडे पाहत राहिल्या.

"काका," त्या म्हणाल्या, "मले नाही समजून राह्यलं आता."

आबाजींनी त्यांचा हात ओढून घेतला. अंगठ्यानं बोटं चाचपली. दीड वर्षाचा दोरा ओढून कडक झालेली बोटं. ज्या म्हाताऱ्याला लोक काय म्हणतील याची चिंता होती, त्यानं तो हात सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "पाहा," म्हणाले, "माह्या पोरीच्या हाताले घट्टे पडले." माझा बाप 'ही कमाई' म्हणायचा, त्याच आवाजात.

कोपऱ्यात एक निवृत्त तलाठी बसले होते. पंधरा दिवसांपूर्वीच आलेले. जन्मभर शाईखेरीज कशाला हात लावलेला नाही, बोटं लोण्यासारखी. मी हाक मारली, "साहेब, इकडं या. डोये मिटा." त्यांनी हात घातला, कानाकोपरा चाचपला आणि म्हणाले, "काही नाई बा, साफ हाय." आबाजींनी चपला घातल्या.

पण तलाठीसाहेबांचीही बोटं वर्षभरात कामातून जाणार. रापीला धार लावायला आताच बसले आहेत. म्हणून हे लिहिलं. कोण काय म्हणेल ते म्हणू द्या, घरचे नाक मुरडतील तर मुरडू द्या. ओट्याला तीन पायऱ्या आहेत, सरळ वर या. हत्यारं आणू नका. हात तेवढे धुऊन या.